तिसरा पेड

‘तीन तिघाडी, काम बिघाडी’ ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो की तिच्या खरेखोटेपणाची चौकशी करावी असे कधी कुणाला वाटत नाही. शुभकार्याला तिघांनी मिळून निघू नये, ताटात एकदम तीन पोळ्या वाढू नयेत, असे संकेत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. दोघांची जोडी जमते, चौघांची बैठक होते; तिघे एकत्र आले की त्यांतला एक उपरा ठरतो, अशी काहीशी ही समजूत आहे. तिला अनुभवाचा आधारच नाही असे म्हणवत नाही. परंतु गेल्या अर्धशतकात पदार्थविज्ञानाच्या एका शाखेने या म्हणीच्या नेमके उलट जाणारे एक सत्य उजेडात आणले आहे. जे दोघे एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत, ते तिसरा आल्याबरोबर धरले जातात. आणि हे धरलेपण त्यांतल्या कुठल्याही दोघांचे नसते, तिघांचे असते. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तरी पाळीसारख्या गावात बसून या गोष्टीचा विचार करू लागलो की ती केवळ अणूंपुरती उरत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी म्हणीची बाजू मांडली पाहिजे. विज्ञानाच्या इतिहासातही तिघांनी पुष्कळ काम बिघडवलेले आहे. न्यूटनने १६८७ साली गुरुत्वाकर्षणाचा नियम जगापुढे ठेवला, तेव्हा सूर्य आणि एक ग्रह एवढ्या दोघांचे गणित त्याने पूर्णपणे सोडवून दाखवले. पण चंद्राच्या गतीचा हिशेब मांडताना पृथ्वीबरोबर सूर्याचीही ओढ विचारात घ्यावी लागते, आणि तिसरा आला की गणित हट्टाला पेटते. पुढची दोनशे वर्षे युरोपातील उत्तमोत्तम गणितज्ञ या प्रश्नाशी झगडले. अखेर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या पॉइन्कारेने दाखवून दिले की तिघांच्या गतीला दोघांसारखे सुबक, सर्वकाळ चालणारे सूत्र सापडण्याची आशा नाही. विसाव्या शतकात पुंजयामिकी आली तरी ही अडचण सरली नाही. हायड्रोजनच्या अणूत केंद्र आणि एक इलेक्ट्रॉन असे दोघेच असतात. त्याचे समीकरण काटेकोरपणे सुटते. हीलियममध्ये एक इलेक्ट्रॉन वाढतो आणि काटेकोर उत्तर हातचे जाते. तेव्हा ‘काम बिघाडी’ हे शब्द गणितज्ञांनीही मान्य केले असते.

मात्र काम अवघड होणे वेगळे आणि नाते तुटणे वेगळे. हा फरक समजून घ्यायचा तर बंधन म्हणजे काय याकडे वळावे लागते, आणि त्यासाठी आपल्या पायांखालची माती पुरेशी आहे. पाळी, वेळगे, सुर्ल या भागातली माती तांबडी आहे ती लोहखनिजामुळे. या मातीने आपल्या तालुक्याला पैसा दिला, धूळ दिली, आणि बरेच काही हिरावूनही घेतले. तिच्यातल्या लोखंडाची एक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. सृष्टीतल्या साऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत घट्ट बांधलेली जी थोडी अणुकेंद्रे आहेत, त्यांत लोखंडाचे केंद्र मोडते. त्याच्यातला एक कण सोडवायचा तर सरासरी ८८ लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा खर्चावी लागते. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या जगातल्या सर्वांत घट्ट बंधनांवरून चालत आलो. आज मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ती बंधने याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहेत. त्यांची ताकद एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अब्जांशाहूनही कमी असू शकते. श्वास लागला तर तुटावीत अशी. पण आहेत, आणि त्यांच्या असण्याला नियम आहे.

दोन अणू एकमेकांना ओढतात, परंतु ओढ असली की बंधन झालेच असे नाही. पुंजयामिकीत प्रत्येक कण लाटेसारखा पसरलेला असतो. त्याला थोड्या जागेत कोंडायचे तर त्याची किंमत मोजावी लागते. परस्परांची ओढ ती किंमत भरून काढण्याइतकी असेल तर दोघे एकत्र राहतात. यालाच बद्धावस्था म्हणतात. ओढ तेवढी नसेल तर दोघे जवळ येतात, एकमेकांमुळे थोडे वळतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. याला प्रकीर्णन म्हणतात. या दोहोंच्या मध्ये एक उंबरठा आहे. ओढ अशी की आणखी तसूभर वाढली तर बंधन व्हावे, पण ती तसूभर वाढलेली नाही. या उंबरठ्यावरचे दोन अणू बांधलेले नसतात आणि पुरते सुटलेलेही नसतात. स्वतःच्या आकाराच्या शेकडो पट अंतरावरूनही त्यांना परस्परांची चाहूल लागते. ही चाहूल किती दूरवर पोहोचते ते मोजण्याच्या मापाला प्रकीर्णन-लांबी म्हणतात. अणू अतिशय मंदगतीने फिरत असले, तर त्यांच्या व्यवहारातले बाकीचे सारे बारकावे पुसले जातात आणि हे एकच माप उरते.

१९७० साली लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, योफे संस्थेत काम करणाऱ्या व्हितालि एफिमोव्ह या तिशीतल्या भौतिकीविदाने एक प्रश्न मांडला. असे उंबरठ्यावरचे तीन सारखे कण एकत्र आले तर काय होईल? दोघांचे बंधन होत नाही, तर तिघांचे कुठून व्हायचे, असेच कुणालाही वाटले असते. एफिमोव्हच्या गणिताने निराळेच उत्तर दिले. तिघांमध्ये एक नवीच ओढ निर्माण होते. ती कुठल्याही जोडीत नसते. तिघांच्या एकत्र असण्यातच ती असते. तिच्यामुळे तिघे बांधले जातात, आणि तेही एकाच प्रकारे नव्हे. बद्धावस्थांची एक अनंत शिडी तयार होते. तिची प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीच्या सुमारे २२.७ पट मोठी आणि सुमारे ५१५ पट दुबळी असते. पहिले बंधन मोहरीच्या दाण्याएवढे मानले तर दुसरे लिंबाएवढे, तिसरे पाणी तापवायच्या मोठ्या हंड्याएवढे, आणि चौथे देवळाच्या सभामंडपाएवढे. घडण मात्र सर्वांची एकच. ते तीन कण कशाचे आहेत, अणू आहेत की अणुकेंद्रातले कण, याची त्या गणिताला फिकीर नव्हती.

अनेकांना हे पटले नाही. चूक कुठे आहे ती शोधण्याचे प्रयत्न झाले; चूक सापडली नाही. पण निसर्गात अशी अवस्था कुठे दाखवता येईल, हेही कुणाला सांगता येईना. पुढे छत्तीस वर्षे हे एक सुंदर पण निराधार गणित म्हणून राहिले.

या बंधनाचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासाठी शास्त्रज्ञ इटलीतल्या बोरोमेओ नावाच्या जुन्या सरदार घराण्याच्या चिन्हाचा दाखला देतात. त्या चिन्हात तीन कडी एकमेकांत अशी गुंतलेली आहेत की कुठलीही दोन पाहिली तर ती परस्परांत अडकलेली नाहीत, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत; आणि एक काढले की उरलेली दोन आपोआप मोकळी होतात. हे चित्र पाहायला आपल्याला इटलीला जाण्याचे कारण नाही. आपल्या आयाबहिणींच्या पाठीवरची तीन पेडांची वेणी म्हणजे हेच. वेणीतले कुठलेही दोन पेड एकमेकांना धरून नसतात. त्यांतला एक अलगद ओढून काढला तर बाकीचे दोन नुसते शेजारी शेजारी लोंबत राहतात. दोन पेडांची वेणी घालायला गेले तर पीळ तेवढा पडतो, आणि हात सोडताच उलगडतो. वेणी ही तिसऱ्या पेडापासून सुरू होते. गणितज्ञ तर असे सांगतात की वेणीचे सहा वेढे घालून टोके टोकांना जोडली की नेमकी बोरोमेओची तीन कडीच हाती येतात.

अणुकेंद्रांच्या जगात अशी वेणी खरोखरच आढळली. लिथियमचा एक अल्पायुषी समस्थानिक आहे. त्यात ३ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असतात, आणि तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळात क्षय पावू लागतो. १९८५ साली अमेरिकेत बर्कली येथे तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा आकार मोजला, तेव्हा तो अपेक्षेपेक्षा फार मोठा निघाला. त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून दूर, प्रभामंडळासारखे पसरलेले आहेत. नुसते दोन न्यूट्रॉन एकत्र राहू शकत नाहीत. गाभा आणि एक न्यूट्रॉन हेही राहू शकत नाहीत. तिघे मात्र राहतात. ही एफिमोव्हची शिडी नव्हे, पण तिच्या शेजारचे घर निश्चित.

या घराचा एक दरवाजा मुंबईत उघडतो, हे आपल्याला विशेष वाटावे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या गोमंतकात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी एके काळी गणिताचे प्राध्यापक होते, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच संस्थेतले इंद्रनील मझुमदार, दिल्ली विद्यापीठातले व्ही. एस. भसीन आणि अमेरिकेत अध्यापन करणारे ए. आर. पी. राव यांनी २००६ साली कार्बनच्या एका न्यूट्रॉनबहुल समस्थानिकावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी २० कणांच्या या अणुकेंद्राचा विचार गाभा आणि दोन न्यूट्रॉन अशा तिघांचा संसार म्हणून केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दोघांचे बंधन थोडे बळावले तर तिघांची एफिमोव्ह अवस्था बद्धावस्था म्हणून उरत नाही. पण ती नाहीशीही होत नाही. बाहेरून एक न्यूट्रॉन येऊन आपटला की त्याच्या प्रकीर्णनात एक विशिष्ट, एका अंगाला कललेला उंचवटा दिसतो, आणि त्यात त्या अवस्थेची खूण राहते. बांधलेले राहणे आणि आपटून विखुरणे ही एकाच नात्याची दोन रूपे आहेत, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच होत असेल.

तरीही एफिमोव्हच्या शिडीचा पहिला भक्कम पुरावा अणुकेंद्रांकडून आला नाही. तो थंडीतून आला. या थंडीची कथा १९२४ साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या निबंधापासून आणि आइन्स्टाइनने त्यावर चढवलेल्या मजल्यापासून सुरू होते. त्यांनी भाकीत केलेली अवस्था, ज्यात असंख्य अणू एकच होऊन वागतात, १९९५ साली अमेरिकेत प्रत्यक्ष साधली गेली. पुढे आपल्या देशातही कुलाब्याच्या त्याच संस्थेत रुबिडियमचे अणू या अवस्थेपर्यंत थंड करण्यात आले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतही अतिशीत अणूंवर प्रयोग चालतात. ही थंडी साध्या कल्पनेपलीकडची आहे. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियस. त्याच्या वर एका अंशाच्या दहा कोटींशाव्या भागापर्यंत हे अणू नेले जातात. आपल्या खोलीच्या तापमानात सीझियमचा अणू सेकंदाला दोनशेहून अधिक मीटर धावतो. तिथे तो सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो. एवढा मंद झाल्यावर त्याला शेजाऱ्याची चाहूल घ्यायला उसंत मिळते. शिवाय बाहेरचे चुंबकीय क्षेत्र कमी-अधिक करून दोन अणूंमधली ओढ उंबरठ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे नेता येते. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसे हे काम आहे.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे रुडॉल्फ ग्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीझियमच्या अणूंवर ही खुंटी पिळली, आणि २००६ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांनी एफिमोव्ह अवस्था डोळ्यांनी पाहिली नाही. त्यांनी पाहिली ती हानी. प्रकाशाच्या पिंजऱ्यात धरलेल्या अणूंपैकी काही सतत निसटत असतात. तीन अणू एकत्र येतात, त्यांतले दोन घट्ट जोडले जातात, त्या जोडण्यातून सुटलेली ऊर्जा तिसरा उचलतो आणि तिघेही पिंजऱ्याबाहेर फेकले जातात. इथेही तिसऱ्यावाचून भागत नाही. ऊर्जा घेऊन जाणारा कुणी नसेल तर ते दोघे जुळूच शकत नाहीत. चुंबकीय क्षेत्राच्या एका विवक्षित मूल्यावर ही हानी एकदम वाढली. तिघांचे बंधन नेमके तिथे अस्तित्वात येत होते. १९७० साली कागदावर मांडलेले नाते ‘इथे माणसे कमी का होत आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात सापडले. २०१४ साली इन्सब्रुकच्याच प्रयोगशाळेत शिडीची पुढची पायरी दिसली. तिथली प्रकीर्णन-लांबी मिलिमीटरच्या सहस्रांशाहून थोडी अधिक होती, आणि दोन पायऱ्यांमधले अंतर सुमारे २१ पट भरले. २०१५ साली फ्रँकफर्टमध्ये हीलियमच्या तीन अणूंची अशी अवस्था, कुठल्याही चुंबकाच्या साहाय्यावाचून, निसर्गात जशी असते तशी नोंदवली गेली. २०१८ साली एफिमोव्ह आणि ग्रिम या दोघांना मिळून पहिले फाद्देयेव्ह पदक देण्यात आले. गणित करणारा आणि पडताळा घेणारा यांचा असा एकत्र सन्मान मला फार समाधान देऊन जातो.

सारख्या तिघांची गोष्ट झाली. परंतु माझे मन अधिक रमते ते मिश्रणांत, म्हणजे दोन जातींचे अणू एकत्र थंड केलेले असतात तिथे. सारख्या अणूंमध्ये शिडीच्या पायऱ्या २२.७ पटींवर असल्याने दुसरी-तिसरी पायरी गाठेपर्यंत थंडीच कमी पडते. रुबिडियम आणि पोटॅशियम यांच्यासारख्या, वजनात फार तफावत नसलेल्या अणूंच्या मिश्रणात तर दोन रुबिडियम आणि एक पोटॅशियम अशा त्रिकुटासाठी हे अंतर शंभर पटींच्याही पुढे जाते. पण दोघे जड आणि तिसरा अगदी हलका असेल तर पायऱ्या जवळ येतात. सीझियमचा अणू लिथियमच्या सुमारे २२ पट जड आहे. दोन सीझियम आणि एक लिथियम अशा त्रिकुटात हे अंतर ४.८८ पटींवर येते. २०१४ साली शिकागोमध्ये चेंग चिन यांच्या आणि हायडेलबर्गमध्ये मात्तियास वाइडेम्युलर यांच्या गटाने हे मिश्रण वापरून एकापाठोपाठच्या पायऱ्या नोंदवल्या. याचे कारण समजायला कठीण नाही. जड अणू जवळजवळ जागच्या जागी असतात. हलका अणू त्यांच्यामध्ये वेगाने येरझाऱ्या घालतो, आणि त्याच्या येण्याजाण्यातूनच त्या दोघांमध्ये ओढ उत्पन्न होते.

हे वाचले त्या रात्री मला आमचे पाळीचे घर आठवले. माझे थोरले आजोबा आणि धाकटे आजोबा एकमेकांशी बोलत नसत. कुळागरातल्या पाण्याच्या पाळीवरून कधीतरी शब्दाला शब्द लागला आणि दोघांनी मौन धरले. पण राहत एकाच घरात, बसत एकाच ओसरीवर, सहा हातांच्या अंतराने. ‘जा, त्यांना सांग, आज पाणी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे राहील’, असे थोरले आजोबा मला सांगत. धाकट्या आजोबांना ते स्वच्छ ऐकू आलेले असे. तरी मी सहा हात चालून जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत ते पानाला चुना लावीत बसत. मग त्यांचे उत्तर घेऊन मी परत. कधी पाण्याचा निरोप, कधी गड्याचा, कधी नुसते ‘जेवणे झाली का विचार’. माझे वय सात-आठ. त्या भांडणात माझी काही बाजू नव्हती. निरोपाला माझे स्वतःचे वजन नव्हते, म्हणूनच तो पोहोचत असे. शिक्षणासाठी मला पणजीला पाठवले. त्याच्या पुढच्या वर्षी ओसरीत भिंत आली. भिंतीची कारणे मोठ्या माणसांची होती आणि ती यथावकाश व्हायचीच असतील. पण ते दोघे एवढी वर्षे एका छपराखाली होते ते त्यांच्यातल्या जिव्हाळ्याने की त्यांच्यामधल्या त्या येरझाऱ्यांनी, याचे उत्तर मला अणूंचे गणित वाचेपर्यंत नीट सुचले नव्हते.

उपमा ताणू नये, हे मला ठाऊक आहे. अणूंना रुसवा नसतो आणि कुळागर नसते. तसेच सांखळीच्या दत्तमंदिरात हात जोडताना एखाद्याला वाटेल की तिनाचे हे रहस्य आपल्या पूर्वजांना आधीच उमगले होते. तसे म्हणणे पूर्वजांवरही अन्याय करणारे आहे आणि एफिमोव्हवरही. पूर्वजांची त्रिमूर्ती हा श्रद्धेचा विषय आहे, २२.७ हा आकडा मोजून पडताळण्याचा. दोहोंची गल्लत केली तर दोहोंचीही किंमत कमी होते. विज्ञानाकडून आपल्याला घ्यायचे ते दाखले नव्हेत, पाहण्याची रीत घ्यायची. जोडी-जोडी तपासून जे सापडत नाही ते तिघांत असू शकते, ही ती रीत.

या रीतीने मी आपल्याच घराण्यांकडे पाहतो. पेडणे-डिचोलीचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादींत गेला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे मराठीला इथे राजाश्रय नव्हता. घरातली बोली निराळी, कचेरीतली भाषा निराळी. तरी मराठी इथे टिकली. ती कशाने टिकली असे विचारले की प्रत्येक जण एकेक कारण पुढे करतो. कुणी म्हणतो देवळातले कीर्तन आणि उत्सवी नाटक. कुणी म्हणतो पंतोजींची शाळा. कुणी म्हणतो श्रावणात घरोघर वाचली जाणारी पोथी. मला वाटते, यांतले एकही पुरेसे नव्हते, आणि कुठलेही दोनही नव्हते. नुसती शाळा असती तर अक्षर आले असते, पण ते वापरायला जागा नसती. पोथी आणि नाटक असून शाळा नसती तर पुढच्या पिढीला पोथी लावता आली नसती आणि नक्कल वाचता आली नसती. शाळा आणि देऊळ असून घरात पोथी नसती तर भाषा अंगणाबाहेरच थांबली असती. तीन पेडांची ती वेणी होती, आणि कुठलेही दोन पेड एकमेकांना धरून नव्हते.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळेचा पेड एकदम जाड झाला. मग सावकाश इतर दोन विरळ होत गेले, आणि आता शाळांचे पटही रोडावले आहेत. उत्सवी नाटकाच्या तालमीला मुले मिळत नाहीत, अशी तक्रार आपण करतो, आणि दूरदर्शनला, मोबाइलला, शहराला बोल लावतो. इन्सब्रुकच्या प्रयोगाने मला या तक्रारीकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला शिकवले. हानी कुठे वाढते आहे, याची नोंद ठेवणे हे रडगाणे नव्हे. जिथे माणसे निसटू लागतात, नेमके तिथेच काहीतरी बांधलेले होते, असे ती नोंद सांगत असते. नाटकाला मुले का मिळत नाहीत, याचे कारण नाटकात नसेल. पोथीच्या चौरंगावर ते सापडेल.

यावर माझ्यापाशी काही रामबाण नाही. आपली मुले पुण्याला, बंगळूरला, त्याहून दूर गेली आहेत आणि जाणारच. पण सुटीत घरी आलेले नातवंड कपाटातली पोथी काढून ‘हे काय लिहिलंय?’ असे विचारते, तेव्हा त्याचे मराठी मोडके आहे म्हणून आपण हसतो, किंवा ‘तुला नाही कळायचे’ म्हणून पोथी परत ठेवून देतो. त्याच्या अंगावर आपल्या भांडणांचे, अभिमानांचे आणि वादांचे वजन नाही. तोच आपल्यातला सर्वांत हलका अणू आहे. त्याला दोन जडांच्या मध्ये येरझाऱ्या घालू द्याव्यात. सहा हातांचे अंतर तो आनंदाने चालतो.